दगडात मुरलेली परी

१५ एप्रिल १८४४, सोमवार. पॅरिस.

आजपासून रोजनिशी. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही.

बायको, ओनोरीन, जाऊन नऊ आठवडे झाले. मी पूर्ण सावरलो आहे. लिहून ठेवतो, कारण तोंडी सांगून कोणाला पटत नाही. खालची दरवानीण मादाम पुलेन रोज जिन्यात अडवते, मान वाकडी करते आणि विचारते, कसं चाललंय मस्यू तेओदूल? आज म्हटलं, झकास. तर म्हणे, मग सदरा उलटा का घातलाय? अहो, कागदावर चित्र सुलटं छापून यावं म्हणून जो माणूस चौदा वर्षं दगडावर सगळं उलटं काढतो, त्याचा सदरा एखाद्या दिवशी उलटा असणारच. हा धंद्याचा परिणाम आहे. दुःखाबिःखाचा नव्हे.

मोठी बातमी. छापखान्याचे मालक मस्यू बुटारेल यांनी मला ऑर्डर दिली. नवी नर्तकी मादमुआझेल आर्मांद व्हॅलकूर. बारा जूनला तिच्या मानाचा खास प्रयोग आहे. तिचं चित्र त्या संध्याकाळी थिएटरच्या दारात विकायला ठेवायचं. वेष तळ्यातल्या परीचा. पंख, कमळ, धुकं, सगळं.

बुटारेल म्हणाले, फेब्रुवारीपासून तू मला एक धड चित्र दिलेलं नाहीस. हे बिघडलं तर यापुढे तू मोहरीच्या बरण्यांची लेबलं काढायची. त्यांचा विनोद असा कोरडा असतो.

संकल्प: रोज सहाला उठणे. दुपारी वाइन बंद. चित्र मेअखेर पूर्ण, म्हणजे दोन आठवडे हातात राहतील.

१७ एप्रिल.

साडेआठला उठलो. तालीम बघायला थिएटरात गेलो. पाव तासाची परवानगी होती. मला खांबामागची जागा मिळाली. व्हॅलकूरबाईंचं एक कोपर आणि गुडघा दिसला. पुरेसं आहे. जातिवंत चित्रकाराला कोपरावरून माणूस कळतो.

१९ एप्रिल.

मुलीला चित्रासाठी बसायला वेळ नाही, म्हणून आई आली. मादाम व्हॅलकूर. सोबत मुलीची नाचाची एक सपात आणि हस्तिदंतावर रंगवलेला तळहाताएवढा चेहरा. म्हणाली, पाऊल या सपातेच्या निम्मं काढा, नाक थोडं आवरा, आणि नजर वर हवी, आभाळाकडे. माझी पोर जमिनीला टेकलेली दिसता कामा नये.

मी म्हटलं, मादाम, माझ्या पोरी चौदा वर्षांत जमिनीला टेकलेल्या नाहीत.

खरंच आहे ते. कमळाच्या पाकळीवर, फुलपाखराच्या पाठीवर, एकीला तर कोळ्याच्या जाळ्यावर उभी केली होती. ओनोरीन ती चित्रं घरी आणून रंगवायची, आठवड्याला गठ्ठाच्या गठ्ठा. ओठ, गाल, झग्यावरचे गुलाब. म्हणायची, या पावलांनी बाई जिना उतरून पाणी आणू शकेल का हो? तिला कलेतलं कळायचं नाही. टोक काढायला कुंचला ओठांत धरायची, त्यामुळे तिचे ओठ कायम गुलाबी असत.

हे सहज आठवलं. विषय व्हॅलकूरचा आहे.

२२ एप्रिल, सोमवार.

सोमवारी छापखान्यात शुकशुकाट. रविवारची उतरली नाही म्हणून सोमवारी कामाला न येणं हा इथल्या कारागिरांचा धर्म आहे. आमचा छापणारा म्हातारा मात्युरँ तर या धर्माचा पाद्री शोभेल. त्यामुळे दगड मीच घासला.

आधीचं चित्र जावं म्हणून दगडावर दगड ठेवून, मध्ये वाळू आणि पाणी घालून घासतात. मात्युरँला तीन तास लागतात. मला चाळीस मिनिटं लागली. त्यावर सिडोनीचं चित्र होतं, बारा वर्षांपूर्वी मीच काढलेलं. त्या वर्षी सगळं शहर सिडोनीसाठी वेडं झालं होतं. पुढे कुठल्याशा थिएटरात दिव्याची ज्योत झग्याला लागली आणि बिचारी गेली. तेविसाव्या वर्षी.

तिलाही बसायला वेळ नव्हता. म्हणून ओनोरीनला समोर स्टुलावर बसवलं होतं. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. ती बटाटे सोलत बसली. मी काढत मात्र सिडोनीलाच होतो.

३० एप्रिल.

पंख झाले. तळं झालं. झगा असा उतरलाय की फुंकर मारावीशी वाटते. फक्त चेहरा बाकी आहे.

ओनोरीनचा कुंचला अजून पेल्यात उभा आहे. पाणी आटलं की मी भरतो. चांगली हत्यारं जपावी, एवढंच कारण.

४ मे.

चेहरा काढला. मात्युरँने पहिलं प्रूफ ओढलं. कागद उचलला आणि माझ्यापुढे धरला.

ती व्हॅलकूर नाही.

मात्युरँ म्हणाला, दगड नीट घासलेला नाही. खडूतली चरबी आत मुरलेली असते, वरवर घासलं की जुनं चित्र भुतासारखं वर येतं. कोणी घासला होता? मी म्हटलं, सोमवारी कोण कामाला असतं ते तूच सांग.

पण माझ्या लक्षात आलं. सिडोनी!

ती दगडातून परत आली आहे, आणि माझ्याच हाताखाली आली आहे. शहरात दगडावर काढणारे वीस जण आहेत. एवढी मोठी नर्तकी, तिकडून निघते आणि नेमकी माझ्याकडे येते. मी गर्व करत नाही. फक्त नोंदवतो.

६ मे.

प्रूफ घरी आणलं. शेगडीच्या वर टाचणीने लावलं. अंगावर काटा येतो. पायाखाली कमळ, पाठीला पंख, डोक्यात ताऱ्यांची माळ, आणि नजर आभाळाकडे नाही. सरळ माझ्याकडे. एक भुवई किंचित वर. मी चिखलाचे बूट घालून आत आल्यासारखी बघते.

मोठ्या कलावंतांची नजर अशीच असते.

बूट बाहेर काढून आलो. सहज.

९ मे.

मात्युरँने दगड स्वतः घासला. तीन तास, घाम गाळत. पट्टी लावून सपाटी बघितली, पाणी ओतून बघितलं. नखाएवढा थर काढलाय, म्हणाला, आता यात भूत सोडा, भुताचा बापसुद्धा राहिला नसेल. मी त्याला सिडोनीचं सांगितलं, पण तिची ताकद त्याला माहीत नाही.

पुन्हा सगळं पहिल्यापासून.

१२ मे.

घरात बऱ्याच सुधारणा केल्या. कपाटाची बिजागरी बसवली. ती तीन वर्षं लोंबत होती. चादरी धुवायला दिल्या. कांद्याचं सूप केलं. वाडग्याने पीत होतो, तर चित्राकडे लक्ष गेलं आणि चमचा घेतला. सिडोनीला टापटीप आवडत असावी.

संध्याकाळी तिला दिवसभराचं सांगितलं. बुटारेल काय म्हणाले, मी काय म्हणालो. मी जे म्हणालो असं सांगितलं, ते खरं तर मी म्हणालो नव्हतो. तिने भुवई वर केली. भुवई आधीपासूनच वर आहे, हे मला माहीत आहे. तरीही.

१७ मे.

दुसरं प्रूफ. तीच.

मात्युरँने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, हे दगडातून आलेलं नाही. मी विचारलं, मग कुठून आलं? तर म्हणाला, मी अडाणी माणूस, मला कशाला विचारतोस. आणि उगाचच यंत्राला तेल द्यायला गेला.

तेवढ्यात मादाम व्हॅलकूर टपकली. प्रूफ पाहिलं आणि किंचाळलीच. ही कोण बाई? ही माझी मुलगी? ही तर शेजारणीकडे उसनं मीठ मागायला निघाल्यासारखी दिसते! धोबिणीला पंख लावलेत तुम्ही, मस्यू!

माझ्या कलेला कोणी काही बोललं तर मी मनावर घेत नाही. पण सिडोनीला धोबीण म्हटलेलं ऐकवलं नाही. मी आवाज चढवला. म्हणालो, तोंड सांभाळा. या बाईने बारा वर्षं पहाटे पाचला उठून तुमच्यासारख्यांच्या पोरींचे ओठ रंगवलेत. छाती भरली तरी रंगवत होती.

मादाम व्हॅलकूरने प्रूफ खाली ठेवलं.

असं का म्हणालो, कळत नाही. सिडोनीने कधी काही रंगवलं नव्हतं. रागात माणूस घोटाळा करतो.

बुटारेलनी आत नेऊन बसवलं, वाइन दिली. (दुपारची वेळ होती, पण मालकाने दिली तर संकल्प मोडत नाही.) म्हणाले, बव्हेरियाहून नवा दगड आलाय, कोरा करकरीत. तो घे. पण या वेळी व्हॅलकूर निघाली नाही, तर मोहरीच्या बरण्या. ते विनोद करत नव्हते.

२१ मे.

नवा दगड पिवळसर, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. त्यावर आजवर कोणी रेघसुद्धा ओढलेली नाही. सिडोनीला इथे यायला वाटच नाही. सुटलो. उद्यापासून धडाक्यात सुरुवात.

घरी जाऊन तिला सांगितलं. वाईट वाटलं. मलाच जास्त.

२५ मे.

सुरुवात केली. हस्तिदंतावरचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवला आहे. नाक मोजलं. डोळ्यांमधलं अंतर मोजलं. या वेळी हाताच्या लहरीवर काही सोडायचं नाही.

२९ मे.

मोजमापाप्रमाणे काढलेला चेहरा. व्हॅलकूर शंभर टक्के. पैज लावायला तयार आहे.

३१ मे.

तीच आली.

कोऱ्या दगडावर.

मात्युरँने प्रूफ माझ्या हातातून काढून घेतलं, मला बाकावर बसवलं आणि शेजारी बसला. म्हणाला, तेओदूल, लेकरा, हा दगड बव्हेरियाच्या डोंगरातला आहे. तो सिडोनीला ओळखत नाही. कोणालाच ओळखत नाही. ही तुझी ओनोरीन आहे. पहिल्याच दिवशी ओळखली मी. दर शनिवारी चित्रांचा गठ्ठा न्यायला यायची, मी रुबाब करायला लागलो की माझ्याकडेसुद्धा अशीच बघायची. छापखान्यात सगळ्यांनी ओळखली आहे. तुला सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

मी हसलो. मोठ्यांदा हसलो. म्हणालो, चष्मा बदल म्हाताऱ्या.

घरी आलो.

१ जून.

कामावर गेलो नाही. तब्येत उत्तम आहे.

२ जून, रविवार.

ओनोरीन.

चौदा वर्षांत मी साठ-सत्तर नर्तकी काढल्या. बायकोचं एकही चित्र काढलं नाही. एकदा तिनेच म्हटलं होतं, माझंही काढा ना एखादं, पंख नकोत. मी म्हटलं, कोण घेणार? ती म्हणाली, तुम्ही घ्या. मी हसलो होतो. चांगला विनोद वाटला होता.

ती रोज इथेच होती, आणि मी तिला दुसऱ्याच बाईच्या नावाने हाक मारत होतो. लाज वाटते. लाजेपेक्षा आनंद जास्त होतो, हेही लिहून ठेवतो. माझ्याकडे कोणी आलं असेल तर ती आली. सिडोनी कशाला येईल? तिला माझं नावही माहीत नव्हतं.

३ जून, सोमवार.

बुटारेल आणि मादाम व्हॅलकूर, दोघांनी मिळून अट घातली. एक शेवटची संधी, पण आधीची सगळी प्रूफं तिच्यासमोर जाळायची. उद्या कोणी ते धोबिणीचं तोंड माझ्या मुलीचं म्हणून विकलं तर, म्हणाली. आणि विचारलं, घरी एखादं ठेवलं नाहीत ना?

बुटारेल माझ्याकडे बघत होते. मी घरी गेलो, शेगडीवरचं काढून आणलं आणि दिलं. तिने आपल्या हाताने भट्टीत टाकलं. पंख आधी पेटले.

मला काही वाटलं नाही. कागद गेला तर गेला. ती माझ्या हातात आहे. तीनदा न बोलावता आली. आता बोलावल्यावर येणार नाही होय?

४ जून.

योजना. इतकी साधी की आधी कशी सुचली नाही.

मात्युरँ बव्हेरियाचा दगड घासून देईल. व्हॅलकूरचं अंग, झगा, पंख, तळं सगळं काढायचं, चेहऱ्याची जागा कोरी ठेवायची. दहा तारखेला सोमवार, छापखान्यात चिटपाखरू नसतं. त्या दिवशी चेहऱ्याच्या जागी ओनोरीनला काढायचं, मुद्दाम, मन लावून. मंगळवारी पहाटे यंत्रावर स्वतः एकच प्रत ओढायची. एकच, माझ्यासाठी. मग तेवढा चेहरा खरवडून त्या जागी व्हॅलकूर, दुपारपर्यंत. बारा तारखेला चित्रं दारात. बुटारेल खूश, मादाम खूश, मी खूश.

पंख नको म्हणाली होती. प्रत घरी आली की पंख कात्रीने कापून टाकीन.

८ जून.

सगळं तयार. मधोमध चेहऱ्याएवढी कोरी जागा. मात्युरँ म्हणाला, डोकं कधी काढणार? म्हटलं, योग्य वेळी. त्याने छातीवर क्रूस काढला.

१० जून, सोमवार.

सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत. एवढं सुंदर काम आयुष्यात केलेलं नाही. मोजमाप नाही, हस्तिदंताचा चेहरा समोर नाही. तो खिडकीत पालथा घातला होता. मी फक्त तिचा विचार केला. स्टुलावर बसलेली. गुलाबी ओठ. ताप असतानासुद्धा म्हणत होती, तो शेवटचा गठ्ठा राहिलाय, सांगून या त्यांना. मी सांगायला गेलो नव्हतो. म्हटलं होतं, उद्या होशील बरी. दगडावर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून दोनदा मागे सरकावं लागलं. चरबीच्या खडूचं पाण्याशी जमत नाही.

दगडावर चेहरा उलटा असतो, त्यामुळे अनोळखीच वाटतो. एरवी मी आरशात बघून ताडून घेतो. आज आरसा लावला नाही. तिला पहिल्यांदा बघायचं ते कागदावर, सुलटं.

उद्या पहाटे चारला उठायचं.

११ जून.

नऊला जाग आली. धावत गेलो. यंत्राचा आवाज गल्लीतूनच ऐकू आला.

मात्युरँ आयुष्यात पहिल्यांदा लवकर आला होता. दगडावर डोकं बघितलं आणि वेळ नको जायला म्हणून छापायलाच घेतलं. दोरीवर चित्रं वाळत होती. बुटारेलनी मला मिठी मारली. मादाम व्हॅलकूर हुंदके देत होती. म्हणत होती, माझी आर्मांद, हुबेहूब माझी आर्मांद, अगदी लहानपणी झोपेतून उठायची तशी. मस्यू, तुम्ही जादूगार आहात.

मी दोरीपाशी गेलो. पहिलं बघितलं. दुसरं बघितलं. शेवटपर्यंत सगळी बघितली. नाक आवरलेलं. दोन्ही भुवया सारख्या. नजर आभाळाकडे.

मात्युरँने हळूच विचारलं, बरोबर आलंय ना रे? मी म्हटलं, बरोबर आलंय.

१२ जून.

थिएटरच्या दारात सगळी चित्रं संपली. बुटारेल म्हणाले, जुना तेओदूल परत आला, आता शरदापर्यंत तुला मान वर करायला फुरसत नाही. आणखी सहा नर्तकी दिल्यात.

१३ जून.

काल एक प्रत मी रांगेत उभं राहून विकत घेतली होती. आज शेगडीच्या वर लावली. समोर बसलो. खुर्ची डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, मग स्टुलावर चढून बघितलं. कुठूनही बघा, ती वरच बघते.